ताऱ्याला हात न लावता घेतलेली मापं: कोणता आकडा किती पक्का?

प्रश्न थोडक्यात असा: एकाही ताऱ्यापर्यंत कुणी गेलेलं नाही. मग त्याचं तापमान इतकं, वजन इतकं, अंतर इतकं हे खगोलशास्त्रज्ञ कशाच्या जोरावर सांगतात? शिवाय मृग नक्षत्रातल्या काक्षी (बीटलज्यूस) या तांबूस ताऱ्याचं अंतर कुठे ४३० प्रकाशवर्षं, कुठे ५५०, तर कुठे ७२० छापलेलं असतं. यातलं खरं कोणतं? आणि तो कदाचित केव्हाच फुटलाही असेल म्हणतात, त्यात तथ्य किती?

माझी नोकरी ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेला त्यांचा प्रकाश, घेण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात गेली, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ताऱ्यांबद्दलचे सगळे आकडे सारख्या योग्यतेचे नसतात. ताऱ्याचा आपल्या दिशेने येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग आम्ही बिनधास्त सांगतो. तापमानही बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. अंतर मात्र अवघड असतं, आणि अंतर डळमळलं की तेज, आकार, वजन सगळंच त्याच्यामागे डळमळतं. पुस्तकात हे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणून वाचणाऱ्याला ते सारखेच भरवशाचे वाटतात.

फ्रेंच तत्त्ववेत्ता ओग्यूस्त काँत याने १८३५ मध्ये लिहून ठेवलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. त्याआधी २१ वर्षं फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा नोंदवून ठेवल्या होत्या, फक्त त्यांचा अर्थ कुणाला लागला नव्हता. तो १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी लावला: प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबीच गिळतं किंवा बाहेर टाकतं. काँत दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगतो. दुर्बिणीला स्पेक्ट्रोग्राफ जोडलेला असतो. ताऱ्याचा प्रकाश एका बारीक फटीतून आत येतो, जाळीवर पडून पसरतो आणि डिटेक्टरवर त्याची एक करडी पट्टी उमटते. इंद्रधनुष्य वगैरे काही दिसत नाही. पट्टीतला प्रकाश मोजून आलेख काढला की एक दातेरी रेषा मिळते आणि तिच्यात जागोजागी खड्डे असतात. ताऱ्याच्या आधी आणि नंतर थोरियम-आरगॉनच्या दिव्याचाही वर्णपट घ्यायचा, कारण त्या दिव्याच्या रेषा नेमक्या कुठे पडायला हव्यात हे माहीत असतं. रात्री गारवा वाढतो, उपकरण किंचित आकसतं, दुर्बीण कलल्यामुळे थोडं वाकतं, आणि पट्टी जागची सरकते. दिव्याशी ताडून पाहिलं नाही तर ते सरकणं ताऱ्याच्या नावावर जमा होतं.

सोडियमची जोडरेषा घ्या, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरची. लांबच्या एखाद्या ताऱ्याच्या एकाच वर्णपटात ही जोडी तीनदा सापडू शकते. एक जोडी रुंद आणि ताऱ्याच्या वेगानुसार सरकलेली. ती ताऱ्याच्या स्वतःच्या वातावरणातली. दुसरी सुईसारखी अरुंद. ती वाटेतल्या थंड वायूच्या ढगाची, त्याचा ताऱ्याशी काही संबंध नाही. तिसरी काळी नसून चमकणारी, आणि तिला ताऱ्याचा वेग चिकटलेला नसतो, कारण ती आपल्याच डोक्यावर नव्वदेक किलोमीटर उंचीवर असलेल्या सोडियमच्या थराची. कोणती रेषा कुणाची हे ओळखणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. नवखा माणूस हमखास इथेच अडकतो.

तापमान काढायच्या वाटा दोन. सोपी वाट रंगाची: वस्तू जितकी तप्त तितकं तिच्या प्रकाशाचं शिखर निळ्याकडे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,७७० केल्विन आणि शिखर साधारण ५०० नॅनोमीटरला. काक्षी ३,६०० केल्विनच्या आसपास, त्यामुळे त्याचं शिखर अवरक्तात जातं आणि डोळ्याला तो तांबूस दिसतो. पण रंग फसवा असतो. ताऱ्यांमधल्या पोकळीत धूळ आहे, ती निळा प्रकाश जास्त अडवते आणि तांबडा जाऊ देते. ट्रम्प्लरने १९३० मध्ये हे दाखवून देईपर्यंत बहुतेकांनी तिकडे दुर्लक्षच केलं होतं. धुळीमागचा गरम तारा थंड असल्यासारखा दिसतो. म्हणून दुसरी वाट, रेषांची. रेषांच्या आपापसातल्या खोलीचं गुणोत्तर ताऱ्याच्या तापमानावर ठरतं आणि धुळीला त्यात ढवळाढवळ करता येत नाही.

याच ठिकाणी एक मोठा गोंधळ होऊन गेला आहे. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या दोन रेषा इतक्या ठसठशीत आहेत की सूर्यात कॅल्शियमची रेलचेल आहे असंच वाटावं. हायड्रोजनच्या दृश्य रेषा त्यांच्यापुढे फिक्या. प्रत्यक्षात सूर्यात चार-पाच लाख हायड्रोजन अणूंमागे कॅल्शियमचा एखादा अणू आहे. मग रेषा उलट्या का? दृश्य प्रकाशातली हायड्रोजनची रेषा उमटायला त्या अणूतला इलेक्ट्रॉन आधीच ऊर्जेच्या दुसऱ्या पायरीवर चढलेला लागतो. सूर्याच्या तापमानाला असा अणू सुमारे वीस कोटींत एक. बाकीचे सगळे तिथेच असतात, पण दृश्य प्रकाशाला हातही लावत नाहीत. कॅल्शियमचे बहुतेक अणू एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात आणि तेवढ्यावरच ते दृश्य प्रकाश गिळायला मोकळे होतात.

किती अणू कोणत्या अवस्थेत असतील याचं गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलं. ते वापरून सेसिलिया पेन हिने १९२५ च्या प्रबंधात हिशेब केला, तर तारे मुख्यतः हायड्रोजनचे आणि त्याखालोखाल हीलियमचे असं उत्तर आलं. त्या काळी तारे आणि पृथ्वी एकाच मालमसाल्याचे, असंच सगळे धरून चालत होते. त्या काळचे वजनदार खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी हे अशक्य असल्याचं तिला कळवलं, आणि पेनला स्वतःच्याच निष्कर्षापुढे तो जवळपास नक्कीच खरा नसावा असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले. तेव्हा रेषा खोल म्हणून मूलद्रव्य जास्त, हा सरळसोट हिशेब इथे चालत नाही. वर्णपट वाचायला आधी अणूचं भौतिकशास्त्र लागतं.

वेगाचं काम त्या मानाने सरळ. तारा जवळ येत असेल तर साऱ्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा सेकंदाला एक किलोमीटरच्या वेगाला फक्त ०.००२ नॅनोमीटर सरकते. फारच थोडं वाटतं, पण वर्णपटात हजारो रेषा असतात आणि सगळ्या एकाच हिशेबाने सरकतात, म्हणून त्यांची सरासरी फार बारीक निघते. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते, तेवढं आधी वजा करावं लागतं, नाहीतर प्रत्येक तारा वर्षभरात पुढेमागे झुलताना दिसेल. या पद्धतीने मेयर आणि केलो यांनी १९९५ मध्ये महाश्व तारकासमूहातल्या ५१ क्रमांकाच्या ताऱ्याचं सेकंदाला सुमारे ५६ मीटरचं डोलणं पकडलं. त्या डोलण्यामागे ४.२ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह होता. वेगाच्या मोजणीत एक मोठी सोय आहे: तारा किती लांब आहे हे माहीत असण्याची गरजच नसते. रेषा सरकली ती सरकली.

आता अंतराकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे.

विश्वास ठेवण्याजोगी पायाभूत पद्धत एकच, पॅरलॅक्सची. मराठी ग्रंथांत तिला पराशय म्हणतात. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या या बाजूची त्या बाजूला जाते, त्यामुळे जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे पॅरलॅक्स. पायाची लांबी ठाऊक, कोन मोजला, अंतर निघालं. यात ताऱ्याच्या स्वभावाबद्दल काहीही गृहीत धरावं लागत नाही, म्हणून ही पद्धत इतकी मोलाची.

अडचण कोनाच्या आकाराची. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. चार किलोमीटरवर धरलेलं दोन सेंटिमीटरचं नाणं एक विकला रुंद दिसतं. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचं, प्रॉक्सिमा सेंटॉरीचं, पॅरलॅक्स याहूनही कमी, ०.७७ विकला. बाकीचे सगळे त्याच्या खाली. बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं पॅरलॅक्स जाहीर केलं ते ०.३१ विकला होतं. आजचा आकडा ०.२९ आहे. त्या काळच्या दुर्बिणीवर इतकं जवळ जाणं म्हणजे कमालच.

जमिनीवरून हवेच्या थरथरीमुळे तारा विकलाभर पसरतोच, म्हणून हे काम अवकाशात नेलं. १९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने सुमारे १,१८,००० ताऱ्यांची पॅरलॅक्स विकलेच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली. २०१३ च्या अखेरीस गेलेल्या गाया उपग्रहाने ही संख्या जवळपास दीड अब्जावर नेली, आणि उजळ ताऱ्यांच्या बाबतीत अचूकता हिप्पार्कसच्या कितीतरी पट वाढवली. पण गायाच्याही मापात एक खोट आहे. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांचं (दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांचं) पॅरलॅक्स व्यवहारात शून्य यायला हवं. गायाच्या यादीत ते सरासरीने शून्याच्या खाली येतं, विकलेच्या सुमारे सतरा दशलक्षांश भागाइतकं. म्हणजे मोजपट्टीचा शून्यच किंचित सरकलेला आहे. जवळच्या ताऱ्यांना याने काही फरक पडत नाही, लांबच्यांना पडतो. म्हणून आधी ती दुरुस्ती आणि मगच अंतर.

अंतर थोडं चुकलं तर काय होतं याचं उदाहरण कृत्तिकांचं. हिप्पार्कसने त्या सुमारे ३८५ प्रकाशवर्षांवर ठेवल्या. इतर पद्धती सांगत होत्या ४४० च्या आसपास. फरक बारा-तेरा टक्क्यांचा, म्हणजे फार नाही असं वाटेल. पण दिसणारं तेज अंतराच्या वर्गाने घटतं, त्यामुळे त्या ताऱ्यांच्या खऱ्या तेजात सुमारे तीस टक्क्यांची तफावत येते, आणि तेवढी तफावत मान्य केली तर तारे कसे जळतात याचं आमचं गणितच नव्याने मांडावं लागलं असतं. कित्येक वर्षं वाद चालला. गायाने कौल ४४० च्या बाजूने दिला आणि गणित वाचलं.

वजनाचंही असंच, किंबहुना जास्तच वाईट. एकट्या ताऱ्याचं वजन थेट काढता येत नाही. जोडतारा लागतो. व्याधाची जोडी घेऊ. व्याधाची सरळ वाट सोडून होणारी वळवळ पाहून बेसेलने १८४४ मध्ये सांगितलं की त्याला न दिसणारा सोबती आहे. १८६२ मध्ये आल्व्हन ग्रॅहॅम क्लार्कला तो दुर्बिणीतून दिसला. दोघं एकमेकांभोवती ५०.१ वर्षांत फिरतात आणि त्यांच्या कक्षेचा अर्धव्यास आकाशात ७.५ विकला भरतो. व्याधाचं अंतर २.६४ पार्सेक, म्हणजे ८.६ प्रकाशवर्षं. (ज्याचं पॅरलॅक्स एक विकला, त्याचं अंतर एक पार्सेक.) विकलेला पार्सेकने गुणलं की उत्तर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत येतं: १९.८. आता केप्लरचा नियम लावा: या अंतराचा घन भागिले फेरीच्या वर्षांचा वर्ग, म्हणजे दोघांचं मिळून वजन सूर्याच्या पटीत. १९.८ चा घन सुमारे ७,७६०, आणि ५०.१ चा वर्ग सुमारे २,५१०. भागाकार ३.०९. दोघं मिळून सूर्याच्या तीनपटीहून थोडे जड. वजनकेंद्राभोवती कोण किती हलतं त्यावरून वाटणी होते: मुख्य तारा दोन सूर्यांएवढा, सोबती एका सूर्याएवढा. तो सोबती पृथ्वीच्या आकाराचा श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा दाट गाभा आहे.

या गणितात अंतराचा घन झालेला आहे. अंतर १० टक्के जास्त धरलं तर वजन ३३ टक्क्यांनी फुगतं. व्याध जवळ आहे म्हणून निभावतं.

वयाबद्दल फार लिहीत नाही. एकट्यादुकट्या ताऱ्याचं वय हा बहुधा सर्वांत कच्चा आकडा असतो. ताऱ्यांचा पुंजका असेल तर बरं पडतं, कारण सगळे एकदम जन्मलेले असतात आणि त्यातले कोणते म्हातारे झालेत ते दिसतं.

पॅरलॅक्स पुरत नाही तिथून पुढे तेजावर चालणाऱ्या पद्धती सुरू होतात. हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघातले २५ रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे तपासले आणि ज्याचं फुगणं-आकसणं सावकाश तो तारा अधिक तेजस्वी, असा नियम दाखवला. असं खरं तेज कळलं की दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर निघतं. सेफीड म्हणतात त्या या ताऱ्यांवरून हबलने देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा वेगळा समूह) सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षांवर ठेवली. आजचा आकडा पंचवीस लाखांचा. सेफीड दोन जातींचे असतात आणि त्यांची सरमिसळ झाली होती, हे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाड याने १९५२ मध्ये सांगितलं तेव्हा दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. हबलने १९२९ मध्ये विश्वप्रसरणाचा दर काढला तो सुमारे ५००. आज तो वेगवेगळ्या पद्धतींनी ६७ ते ७३ येतो. (एकक: दर दशलक्ष पार्सेकला सेकंदाला इतके किलोमीटर.) सातपटीची ही गफलत वेगांत नव्हती. दीर्घिकांचे वेग वर्णपटावरून तेव्हाही ठीकच मोजले होते. चुकली होती ती अंतरं. त्या दराने विश्वाचं वय दोन अब्ज वर्षं निघत होतं आणि पृथ्वीवरचे काही खडक त्याहून जुने होते. त्या पेचातून सुटायला पंचवीसेक वर्षं लागली.

आता काक्षी. इतका ठळक तारा, त्याचं अंतर तर सहज मिळायला हवं असं वाटतं. पण ठळक असणं हीच त्याची अडचण. गायाच्या डिटेक्टरला तो झेपला नाही. दुसरी अडचण त्याच्या आकाराची. मायकेलसन आणि पीझ यांनी १९२० मध्ये माउंट विल्सनवर त्याच्या चकतीचा व्यास मोजला: ०.०४७ विकला. सूर्य सोडून कुठल्याही ताऱ्याचा व्यास मोजण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याचं पॅरलॅक्स किती? ०.००६ च्या आसपास. म्हणजे वर्षभरात तारा जेवढा सरकतो त्याच्या कितीतरी पट मोठी त्याची स्वतःची चकती, आणि ती चकती एकसारखी उजळ नाही. तिच्यावर वायूचे प्रचंड बुडबुडे वर येतात, विरतात. त्यामुळे प्रकाशाचा मध्यबिंदू तारा न हलताच इकडेतिकडे होतो, आणि पॅरलॅक्सने नेमका तोच मध्यबिंदू पकडायचा असतो.

म्हणून हिप्पार्कसच्या पहिल्या यादीतून ४३० निघालं, त्यात रेडिओ दुर्बिणींची मापं मिसळून २००८ मध्ये ६४० आणि २०१७ मध्ये ७२० निघालं, आणि २०२० मध्ये ताऱ्याच्या कंपनांचं गणित वापरून ५५० निघालं. प्रत्येक मापाची त्रुटीची मर्यादा रुंद आहे. बातमीत ती गाळली जाते, म्हणून शास्त्रज्ञ मत बदलतात असं वाटतं. ४३० ऐवजी ७२० धरलं तर काक्षीचं खरं तेज २.८ पट होतं आणि आकार १.७ पट. मला विचाराल तर आज "५०० ते ७००" एवढंच लिहावं. एकच आकडा लिहायचा हट्ट असेल तर ५५०.

तो फुटला असेल का? २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षी प्रत (तेजाचं माप; आकडा वाढला की तेज घटतं) ०.५ वरून १.६ पर्यंत मंदावला आणि आता उडतोच की काय अशी हाकाटी झाली. पुढच्या निरीक्षणांवरून जे चित्र उभं राहिलं ते साधं आहे: ताऱ्याने वायूचा लोट बाहेर फेकला, पृष्ठभागाचा एक पट्टा थंडावला आणि त्या वायूची धूळ होऊन ती आपल्या आड आली. त्याच्या गाभ्यात अजून हीलियम जळतंय असं आमची गणितं सांगतात, आणि शिल्लक आयुष्याचे अंदाज एक लाख वर्षांच्या घरातले आहेत. प्रकाशाला यायला साडेपाचशे वर्षं लागतात, म्हणून तो आत्ता नसेलही, हे वाक्य तर्काने बरोबर आहे. पण लाखात साडेपाचशे म्हणजे शक्यता जेमतेम अर्धा टक्का. असली वाक्यं टाळ्या मिळवतात, म्हणून टिकून आहेत.

आणि समजा तो फुटला, तर पहिली खबर दुर्बिणीला लागणार नाही. गाभा कोसळताना निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास कशालाही न अडणारे कण, ताऱ्याच्या कवचातून सरळ पार होतात, धक्क्याची लाट मात्र पृष्ठभागापर्यंत पोहोचायला वेळ घेते. १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) झाला तेव्हा न्यूट्रिनो प्रकाशाच्या दोन-तीन तास आधी पोहोचले होते, तेही तीन यंत्रांत मिळून दोन डझन. काक्षी इतका जवळ आहे की आजच्या मोठ्या यंत्रांत त्यांची संख्या कोटींत जाईल. आणि तो फार फुगलेला असल्यामुळे मधली सवड काही तासांपासून दिवसभराची असेल. न्यूट्रिनो वेधशाळांनी अशा इशाऱ्यासाठी जाळं उभारून ठेवलेलं आहे. प्रकाश आल्यावर मोठ्या दुर्बिणींचा फारसा उपयोग होणार नाही, त्यांचे डिटेक्टर त्या तेजाने भरून वाहतील. काम छोट्या उपकरणांनाच करावं लागेल. त्यांनी कवच किती वेगाने फुगतंय ते वर्णपटातून मोजायचं, सेकंदाला दहा हजार किलोमीटर धरलं तर दिवसाला ८६ कोटी किलोमीटर. तेच कवच आकाशात रोज किती विकला रुंद होतंय ते इंटरफेरोमीटरने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या उपकरणाने) मोजायचं. एकाला दुसऱ्याने भागलं की काक्षीचं अंतर पहिल्या काही आठवड्यांतच मिळेल, आजच्या कुठल्याही आकड्यापेक्षा पक्कं.